तिसाव्या आठवड्याचा भाडेकरू

टूसॉन, ॲरिझोना
११ जानेवारी २०१०

ऑरिन,

टॅमरॅक पॉइंटचं वर्गणीचं पत्र तुलाही आलं असेल. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि दोन्ही उन्हाळे आपली जागा रिकामी राहिली. बाबांनी हौसेने तळ्याकाठच्या त्या इमारतीतला आठवडा विकत घेतला, तेव्हाच मी आईला म्हणाले होते की लोक घर घेतात, गाडी घेतात, आठवडा कोण विकत घेतं? एकशे चौदा नंबरच्या जागेतला वर्षाचा तिसावा आठवडा आपला, बाकीचे सगळे दुसऱ्यांचे. जुलैअखेर बाबांचा कारखाना बंद असायचा, म्हणून तिसावा. आता कारखाना नाही, बाबा नाहीत, आई नाही. आठवडा मात्र दरवर्षी येतो आणि त्याच्या देखभालीची वर्गणीही येते.

तिथली व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने आता नवी सोय काढली आहे. मालकांना जायचं नसेल तर ती त्यांचा आठवडा भाड्याने लावून देते. तिचा वाटा कापून उरलेलं आपल्या दोघांत निम्मंनिम्मं. दोघांची सही लागते. माझी केली आहे, खाली तू कर. तुला जायचं असेल तर तसं सांग, माझी आडकाठी नाही. पण सहा माणसांच्या जागेत तू एकटा काय करणार? मला आणि ग्लेनला तर यंदा अजिबात सवड नाही.

त्या बुधवारबद्दल मला काही बोलायचं नाही. तूही लिहू नकोस.

मॉरीन

ता. क. फोनच करणार होते, पण तू नुसतं हॅलो हॅलो करतोस आणि ठेवून देतोस.

मायनॉट, नॉर्थ डकोटा
२९ जानेवारी २०१०

मो,

सही केली. इथे उणे तीस चाललंय. पेन दहा मिनिटं काखेत धरून बसलो तेव्हा कुठे शाई उतरली.

फोनचं म्हणशील तर चाळीस वर्षं रेल्वेच्या इंजिनांशेजारी उभा राहिलो, निवृत्त होताना कान त्यांच्याकडेच ठेवून आलो. कानाला यंत्र लावलं की ते शिट्टी मारतं, आणि शेजारच्या कुत्र्याला वाटतं त्यालाच बोलावतोय. त्यापेक्षा पत्र बरं. त्याला ‘काय म्हणालीस?’ असं विचारावं लागत नाही.

मला तिथे जाऊन काय करायचंय? तू म्हणतेस तेच खरं. खुशाल लावून टाक भाड्याने. कुणीतरी पोराबाळांचं कुटुंब येईल, जागेला तेवढीच जाग.

आईची खोली तशीच ठेवली आहे. तुला तिच्यातलं काही हवं असेल तर कळव. हे मी तिसऱ्यांदा विचारतोय. ग्लेनला नमस्कार सांग.

बुधवारबद्दल लिहीत नाही.

ऑरिन

टूसॉन
२ सप्टेंबर २०१०

ऑरिन,

भाडं आलं! मला वाटलं नव्हतं. कंपनीच्या भाडेविभागातली बाई, लोइस काचमारेक, सांगत होती की निम्म्या मालकांचे आठवडे पडून राहतात, कुणी विचारत नाही. आपला मात्र पहिल्याच फटक्यात गेला. भाडेकरूचं नाव मालकाला सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे. पण जाताना त्याने भरून दिलेला अभिप्राय टाइप करून पाठवतात. ऐक, जसाच्या तसा उतरवते:

‘जागा उत्तम. भांडी पुरेशी. टोस्टर एकाच बाजूने भाजतो, बदलावा. तळ्याकडच्या खोलीची खिडकी अडकते. डाव्या हाताने खालून ढकलून मग उचलली की उघडते. पुढच्या लोकांना सांगावे.’

आहे की नाही शहाणा? ती खिडकी बाबांना वश व्हायला तीन उन्हाळे लागले होते, याने आठवड्यात जमवलं. मी डोळ्यांपुढे चित्र उभं केलंय. तिशीतला बाप असणार, हाताने काहीतरी काम करणारा. बायको हसरी. मुलं तीन. धाकटं ओल्या पायांनी घरभर फिरतं आणि कुणी ओरडत नाही. खोटं कशाला बोलू, वाचून मला जरा लागलंच. आपल्या पलंगांवर कोणीतरी सुखाने झोपलं, आणि ते आपण नव्हतो.

ग्लेन मजेत आहे. कामात असतो.

मॉरीन

मायनॉट
२० सप्टेंबर २०१०

मो,

तुझा शहाणा भाडेकरू बहुतेक गाड्या दुरुस्त करणारा असावा. अडकलेली वस्तू दिसली की अशा माणसाचे हात शिवशिवतात. तीन मुलांचं म्हणशील तर मला नाही वाटत. तीन मुलं असती तर टोस्टरबद्दल लिहायला त्याला वेळ मिळाला नसता.

यंदा तळ्याचं पाणी बरंच खाली गेलंय म्हणे. धक्क्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्यात. शेजारच्या एकशे सोळातल्या डोरीनचा गुडघा नवा बसवला. रविवारच्या एकत्र जेवणाला ती काठी टेकत आली, पण बटाट्याचं सॅलड स्वतः करून आणलं होतं, नेहमीसारखंच खारट. तिसाव्या आठवड्याची सगळी माणसं तुझी चौकशी करतात, असं तिने कळवलंय. नाताळच्या कार्डात.

बाकी इथे सगळं ठीक. रविवारी दोघांचा स्वयंपाक करायची सवय अजून सुटत नाही. सोमवारी तेच खातो.

ऑरिन

टूसॉन
९ ऑक्टोबर २०११

ऑरिन,

वर्षभर पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. तूही लिहिलं नाहीस म्हणा. आणि हो, डोरीनने जुलैमधल्या जेवणाबद्दल नाताळच्या कार्डात लिहिलं, आणि ते तुला सप्टेंबरात मिळालं? म्हातारपणी तुझा महिन्यांचा घोळ व्हायला लागलाय, डॉक्टरला दाखव.

यंदाही भाडं आलं आणि लोइस म्हणते, भाडेकरू तोच होता. अभिप्राय असा: ‘सर्व ठीक. नवा टोस्टर चांगला. सज्जातल्या दोन खुर्च्यांपैकी एकच वापरली. दुसरी काढू नये.’

हे वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. वापरत नाही तर काढू नये कशाला? कोण आहे हा माणूस आणि आपल्या सज्जात कुणाची वाट पाहत बसतो? माझं ते हसरं कुटुंब एका ओळीत नाहीसं झालं.

तर आता मुद्द्याचं. कंपनी जुन्या मालकांचे आठवडे परत घेते आहे. कायमचे. मोबदला काही नाही, फक्त वर्गणीच्या फेऱ्यातून सुटका. दोघांच्या सह्यांचा कागद पुढच्या वर्षी ३१ ऑगस्टच्या आत पोचला पाहिजे. मला तो आठवडा देऊन टाकायचाय. ग्लेनचंही तेच म्हणणं आहे. दरवर्षी एक अनोळखी माणूस मला कळवतो की माझ्या आईबापांच्या जागेत सगळं ठीक आहे, हे मला आता सोसत नाही. कागद सोबत पाठवते. खाली सही करून परत पाठव, मग माझी करते.

मॉरीन

मायनॉट
२६ नोव्हेंबर २०११

मो,

कागद मिळाला. बर्फ इतकं पडलंय की पोस्टापर्यंत जाता येत नाही. हे पत्र पोस्टमन दारावर आला की त्याच्याच हाती देईन. कागदही देता आला असता, पण तो नेमका कुठे ठेवला ते सापडत नाहीये.

घाई काय आहे? ऑगस्टला नऊ महिने आहेत. एवढ्यात माणूस जन्माला येतो. आणि तो बिचारा भाडेकरू, त्याने काय करायचं? दोन वर्षं नेमाने येतोय. त्यालाही वर्षातून एखादा आठवडा असं ठिकाण लागत असेल जिथे त्याला नावाने ओळखतात. उरलेलं वर्ष त्याच्याशी फक्त औषधाच्या दुकानातली मुलगी बोलत असेल, आणि तीही जन्मतारीख विचारण्यापुरती. तू त्याचा विचार कर.

परवा थँक्सगिव्हिंगच्या सणाला पूर्ण टर्की आणायची हिंमत झाली नाही. कोंबडीची तंगडी भाजली. ग्लेनच्या घरचे सगळे आले असतील ना तुमच्याकडे? मजा झाली असेल.

ऑरिन

टॅमरॅक पॉइंट, विस्कॉन्सिन
भाडेविभाग
१४ मार्च २०१२

मॉरीनबाई,

आपलं पत्र मिळालं. आपण तीनतीनदा विचारलंत तरी भाडेकरूचं नाव मला सांगता येणार नाही. नोकरीचा प्रश्न आहे. एवढंच सांगते की माणूस सज्जन आहे, आपण काळजी करू नये. एकटाच येतो. आम्ही त्याला दोनदा सुचवलं की आपण एका खोलीची लहान जागा घ्या, पैसे वाचतील. तर म्हणतो, मला एकशे चौदाच हवी. खरं तर त्याच्याशी बोलणं म्हणजे माझ्या घशाची परीक्षाच असते. काउंटरवरून ओरडावं लागतं, मग रांगेतल्या सगळ्यांना कळतं की त्याला किती टॉवेल हवेत.

यंदाचा तिसावा आठवडाही त्यानेच आधी सांगून ठेवला आहे.

आपला आठवडा परत करायचा असल्यास दोन्ही सह्या लागतील. आपल्या भावाची अजून आलेली नाही. कोरा कागद पुन्हा पाठवते.

आपली,
लोइस काचमारेक

टॅमरॅक पॉइंट
रविवार, २२ जुलै २०१२

ऑरिन, अरे गाढवा,

हे पत्र लोइसकडे ठेवून जाते आहे. पुढच्या शनिवारी तू किल्ली घ्यायला येशील तेव्हा ती तुला देईल.

मार्चमध्ये तिचं पत्र आलं. ‘ओरडावं लागतं’ हे वाचलं आणि मी तुझी जुनी पत्रं पुन्हा काढली. खिडकी कुणी उघडली, डोरीनचा गुडघा कुणी पाहिला, सगळं एका क्षणात कळलं. माझ्याशी खोटं बोलून, स्वतःच्याच जागेचं भाडं भरून, तू इथे एकटा बसत होतास. तुला लिहिणार होते. पण लिहिलं असतं तर लाजून तू आलाच नसतास. म्हणून ठरवलं की सरळ जाऊन दारात उभं राहायचं.

गेल्या वर्षी आपला आठवडा २३ जुलैला सुरू झाला होता. मी कॅलेंडरवर बोट ठेवून बावन्न आठवडे मोजले, २१ जुलै आला. विमानाचं तिकीट काढलं. मिनियापोलिसहून गाडी भाड्याने घेतली, वाटेत रुबार्बची गोड पाय-पेस्ट्री घेतली आणि काल संध्याकाळी साडेचारला एकशे चौदाचं दार वाजवलं. दार उघडलं ते पोहण्याच्या कपड्यातल्या एका परक्या माणसाने. मागे चार मुलं. मी म्हणाले, ‘ऑरिन कुठे आहे?’ तो म्हणाला, ‘कोण ऑरिन?’ मी म्हणाले, ‘अहो, मी या जागेची मालकीण आहे.’ तर म्हणतो, ‘आम्हीपण मालकच आहोत.’ ते एकोणतिसाव्या आठवड्याचे मालक निघाले. रॉकफर्डचे. चांगली माणसं आहेत, पेस्ट्री त्यांनाच दिली.

लोइसने मग मला समजावून सांगितलं. आठवडे शनिवारपासून मोजतात, आणि गेल्या वर्षात शनिवार त्रेपन्न होते. त्यामुळे यंदा सगळ्यांचे आठवडे एकाने पुढे सरकले. डोरीनला माहीत असणार, तुलाही. मला कोण सांगणार? पाच वर्षं मी इकडे फिरकलेच नाही. धक्क्यावर जाऊन बसले तर एकही चेहरा ओळखीचा नाही. वाटलं, आपली सगळी माणसं मेली की काय.

रात्री काउंटरवरून तुला फोन केला. तू उचललास. मी ओरडले, ‘ऑरिन, मी मॉरीन! मी टॅमरॅकला आहे!’ तू म्हणालास, ‘मला काही विकत घ्यायचं नाही,’ आणि ठेवून दिलास. परत केला. तू म्हणालास, ‘पुन्हा फोन केलात तर पोलिसांना सांगेन.’ लोइस हसत होती. मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना. काउंटरवरच.

मायनॉटला यायला दहा तास लागतात आणि माझं विमान उद्या दुपारी आहे. थांबता येत नाही, कारण मंगळवारी मला कामावर जायचंय. होय, कामावर. त्रेसष्टाव्या वर्षी शाळेच्या जेवणघरात वाढपी म्हणून लागले आहे. सध्या उन्हाळी वर्गांची मुलं असतात. नवीन आहे, म्हणून दोन दिवसांची रजासुद्धा नाक मुठीत धरून मागावी लागली.

ग्लेन गेला. मेला नाही, गेला. दातांच्या एका डॉक्टरीणबाईबरोबर फ्लॅगस्टाफला राहतो. याला तीन वर्षं होतील. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा त्याचं कपाट रिकामं होऊन तीन महिने झाले होते. तुला सांगितलं नाही, कारण लग्नाच्या वेळी तू म्हणाला होतास की हा माणूस फार गोड हसतो. आणि टॅमरॅकला आले असते तर अख्ख्या तिसाव्या आठवड्याने विचारलं असतं, ग्लेन कुठे आहे? म्हणून जागा भाड्याने लावायची घाई. तुझ्या एकटेपणाचा मला काळजीने उल्लेख करता आला, माझा लपवता आला.

आता बुधवारबद्दल मीच लिहिते. पाच वर्षांपूर्वी, त्या शेवटच्या उन्हाळ्यात, तू आईसमोर म्हणालास, ‘वर्षातून एक आठवडा मुलगी व्हायला कुणालाही जमतं.’ मी बॅग भरली आणि तीन दिवस आधी निघून गेले. ते तीन दिवस मला आईबरोबर मिळाले असते. पुढे मिळाले ते थेट दफनाच्या वेळी. तू बोललास याचा राग नाही राहिला, ऑरिन. तू खरं बोललास याचा होता.

आठवडा परत करायच्या कागदावर माझी सही करून तो या पत्रासोबत ठेवला आहे. मला इथे पुन्हा यायचं बळ नाही. पण तुला ही जागा हवी असेल तर कागद फाडून टाक आणि दरवर्षी ये, मालकासारखा ये. भाडं भरू नकोस. ठरव तूच.

मॉरीन

टॅमरॅक पॉइंट
रविवार, २९ जुलै २०१२

मो,

काल चार वाजता लोइसने किल्ली दिली आणि पाकीट दिलं. पाकीट मी काउंटरवरच फोडलं. नंतर काय झालं ते तिला विचार, मला नीट आठवत नाही. तिने मला आतल्या खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

मी तुला पोलिसांची धमकी दिली. दिवसाला चार फोन येतात मला, श्रवणयंत्र घ्या, विमा घ्या, थडग्यासाठी जागा घ्या. त्यातलीच कुणीतरी बाई असेल असं वाटलं. दोन वर्षांत मला फोन करणारं पहिलं आपलं माणूस तू होतीस, आणि मी तुला हाकलून दिलं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. भाडं का भरलं? मालक म्हणून जायचं तर तुला कळवावं लागलं असतं. मग तू एकतर दयेपोटी आली असतीस, नाहीतर नाही म्हणाली असतीस, आणि ते नाही मला वाचायचं नव्हतं. भाडेकरूला कुणी नाही म्हणत नाही. निम्मं भाडं माझ्याकडेच परत यायचं, मधे कंपनी आपला वाटा कापून घ्यायची. असा व्यवहार करणारा महामूर्ख या तळ्याकाठी दुसरा नसेल. डोरीनला मी गप्प राहायची शपथ घातली होती. सकाळी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तर तिने मला काठीने ढोसलं.

आता तो बुधवार. तू म्हणतेस मी खरं बोललो. नाही, मो. खरं मी कुणालाच सांगितलं नाही. आई एक्कावन्न आठवडे माझ्याजवळ असायची आणि ते सगळे ती तुझ्या त्या एका आठवड्याची वाट पाहण्यात घालवायची. मी तिला औषधं द्यायचो, न्हाऊ घालायचो, केस विंचरायचो, आणि ती विचारायची, मॉरीनचं तिकीट काढून झालं का? मे महिन्यापासून कपडे काढून ठेवायची. तू आलीस की ती दोन घास जास्त जेवायची, माझ्या हातचं कधी जेवली नाही तेवढं. साठी उलटलेला बाप्या बहिणीवर जळला. त्या बुधवारी तिला तुझ्या कुशीत हसताना पाहिलं आणि जीभ सैल सुटली. तू गेल्यावर ते तीन दिवस ती दाराकडे तोंड करून बसली. माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, ‘तिला कळव, मी वाट पाहते आहे.’ मी कळवलं नाही. रोज वाटायचं, उद्या कळवू. नोव्हेंबरात ती गेली.

हे तुला सांगायचं धाडस पाच वर्षं झालं नाही. इथे येऊन बसायचो आणि मनातल्या मनात तुला सांगायचो. आता सांगून टाकलं. माझं तोंडही बघायचं नाही असं तू ठरवलंस तरी ते बरोबरच असेल.

मी सही केली आहे. कागद सकाळी लोइसकडे दिला. तिने दोन्ही सह्या तपासल्या, शिक्का मारला आणि म्हणाली, या शनिवारी दहाला किल्ली परत द्या, मग झालं. मी म्हणालो, शनिवारपर्यंत थांबत नाही. उद्या पहाटे गाडी काढतो. डोरीन म्हणते या वयात टूसॉनपर्यंत चार दिवस गाडी हाकणं हा वेडेपणा आहे. तिला म्हणालो, माझ्या वेडेपणाची तुला अजून कल्पना नाही.

तिसावा आठवडा आता आपला राहिला नाही. आपल्याला एकमेकांकडे ओढून आणेल असं काही उरलं नाही. म्हणून असाच येतोय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचेन.

ऑरिन